इंटरनेटच्या नव्या कायद्यावर हरकत कशी नोंदवायची? सातारा-सांगलीतल्या ऑनलाइन कमावणाऱ्यांसाठी

‘यूट्यूबला लायसन्स लागणार’, ‘रील टाकली की आत’, ‘ऑनलाइन विक्री बंद’ असे मेसेज ग्रुपवर पडले की आपल्याकडे निम्मी मंडळी ते पुढे ढकलतात आणि निम्मी ‘काय होत नाय’ म्हणून सोडून देतात. मंत्रालयात यातलं काहीच पोचत नाही. तिथे पोचतो तो मुदतीत आलेला, कलम धरून लिहिलेला कागद. तो कसा तयार करायचा हे आम्ही काही जणांनी ठेचा खात शिकून घेतलं. ते इथे क्रमाने लिहितो.

बैलगाडी शर्यतींचं किंवा कुस्त्यांचं थेट प्रक्षेपण करणारे, तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद इन्स्टाग्रामवर विकणारे, कास-महाबळेश्वरकडे होमस्टे चालवून बुकिंग फोनवर घेणारे, स्पर्धा परीक्षेचे क्लास यूट्यूबवर घेणारे, घरी बसून व्हिडिओ एडिट करणारे, सगळे यात आले. वकील असण्याची गरज नाही. पैसे लागले तर झेरॉक्स आणि स्पीड पोस्टचे.

१. आधी कागद ओळखा

बातमीत सरसकट ‘कायदा’ म्हणतात, पण कागद वेगवेगळ्या जातीचे असतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं असतं.

मसुदा म्हणजे सरकारने मत मागवण्यासाठी काढलेला कच्चा कागद. हरकत नोंदवायची खरी वेळ हीच. विधेयक म्हणजे संसदेत मांडलेला कागद. तिथे मंत्रालयाचा ईमेल कामाचा नाही, खासदार आणि संसदेची समिती कामाची. अधिनियम म्हणजे मंजूर झालेला कायदा, आणि नियम म्हणजे तो कायदा राबवण्यासाठी मंत्रालय नंतर काढतं ते. पुष्कळदा आपल्या पोटावर पाय येतो तो नियमांतून.

ऑनलाइन गेमिंगचा कायदा बघा. लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ ला मांडला आणि त्याच दिवशी मंजूर झाला, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. रमी आणि फँटसी ॲपच्या जाहिराती घेणाऱ्या चॅनेलवाल्यांना कळेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या कायद्यात पैशांच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. (पैशांच्या खेळांवरच्या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. गावोगावी काय चाललं होतं ते आपण पाहिलंय. तक्रार आहे ती कोणालाही न विचारता तीन दिवसांत उरकण्याची.) पण तरीही एक दार उघडं राहिलंच होतं: त्याच कायद्याखालच्या नियमांचा मसुदा २ ऑक्टोबर २०२५ ला आला आणि त्यावर ३१ ऑक्टोबरपर्यंत हरकती घेतल्या गेल्या. ‘आता कायदा झाला, काय करणार’ म्हणून बसलेल्यांच्या हातून ही संधी गेली.

२. मूळ मसुदा मिळवा आणि तारीख लिहून ठेवा

यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या ‘खुलाशा’वरून हरकत लिहू नका. मूळ पीडीएफ काढा. माहिती तंत्रज्ञान नियम, एआय, डेटा, गेमिंग हे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. बातम्या, ओटीटी, प्रसारण हे माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. नेटबंदी आणि मोबाइल सेवा दूरसंचार विभागाकडे, दर आणि टेलिकॉमचे बाकी प्रश्न ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे. ऑनलाइन विक्री आणि फसव्या जाहिराती ग्राहक व्यवहार विभागाकडे. राजपत्राची प्रत ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यात आधी हिंदी असतं, इंग्रजी मजकूर त्याच्या खाली असतो, त्यामुळे अर्ध्यातच फाइल बंद करू नका. संसदेतल्या विधेयकांसाठी पीआरएस या संस्थेचं संकेतस्थळ सोपं पडतं.

मुदत किती? केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधिमंडळ विचारविनिमय धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं म्हटलंय. पण ते धोरण आहे, कायदा नाही, आणि ते पाळलं जाईलच असं धरून चालू नका. एआयने बनवलेल्या मजकुरावर लेबल लावण्याचा मसुदा २२ ऑक्टोबर २०२५ ला आला, म्हणजे ऐन दिवाळी पाडव्याला, आणि मुदत होती ६ नोव्हेंबर. नंतर ती १३ पर्यंत वाढली. मुदतवाढ मिळतेही, पण ती मिळणार असं समजून काम लांबवू नका. उलट मुदत कमी वाटली तर पहिल्या आठवड्यातच दोन ओळींचा वेगळा ईमेल टाकून मुदतवाढ मागा.

३. व्याख्या वाचा: तुम्ही त्यात बसता का?

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो, तशी मसुद्यात आधी व्याख्या बघायची. दंडाची कलमं नंतर.

२०२३ च्या नोव्हेंबरात प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा गावाकडच्या चॅनेलवाल्यांना वाटलं हे टीव्हीवाल्यांचं आहे. २०२४ च्या जुलैत त्याची सुधारलेली प्रत काही निवडक संबंधितांनाच दिली गेली. तिच्यातली ‘डिजिटल बातम्यांचे प्रसारक’ ही व्याख्या एवढी रुंद होती की चालू घडामोडींवर नियमित बोलून कमावणारा एकटा यूट्यूबरही तिच्यात येईल, अशी टीका झाली. गदारोळ झाल्यावर ऑगस्टमध्ये मंत्रालयाने मूळ २०२३ च्या मसुद्यावरच मतं द्यायची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाढवली आणि सविस्तर चर्चेनंतर नवा मसुदा काढू असं सांगितलं. एका व्याख्येत चार शब्द वाढले की तुमचं चॅनेल आत किंवा बाहेर होतं, ते असं.

वाचताना पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा करा. तुम्हाला लागू होईल असा शब्द कुठे आहे? लहान-मोठ्याचा फरक करणारी मर्यादा, म्हणजे सदस्यसंख्या किंवा उलाढाल, कुठे आहे, की नाहीच? आणि ‘केंद्र सरकार वेळोवेळी ठरवेल’ हे वाक्य कुठे आहे? तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. मर्यादा कायद्यात न लिहिता पुढे ठरवायची असेल, तर हरकतीत तीच मागणी घाला: मर्यादा आत्ताच लिहा.

४. आपल्या कमाईचा पुरावा जमवा

‘आमच्या रोजीरोटीवर गदा येईल’ हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून ते कोणी वाचत नाही. आकडे लिहा. त्यासाठी हे जवळ ठेवा:

- यूट्यूब स्टुडिओ किंवा इन्स्टाग्रामच्या उत्पन्नाचे, प्रेक्षकसंख्येचे बारा महिन्यांचे स्क्रीनशॉट
- बँक खात्याच्या उताऱ्यातल्या संबंधित नोंदी, खाते क्रमांक काळा करून
- उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र असेल तर (नसेल तर काढा, सरकारी संकेतस्थळावर फुकट निघतं. पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट किंवा दलालांची असतात.)
- जीएसटी क्रमांक असेल तर. नसेल तर ‘उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने नोंदणी नाही’ एवढं लिहा, लाजू नका
- तुमच्यावर अवलंबून असलेल्यांची नोंद: कॅमेरामन, पॅकिंग करणाऱ्या बायका, कुरिअरवाला

आधार कार्ड जोडू नका. कोणी मागितलेलं नसतं, आणि हा कागद कुठे कुठे फिरेल ते आपल्या हातात नाही. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (म्हणजे कंपन्यांनी इंटरनेटवरच्या सगळ्या सेवांना सारखंच वागवावं यावर) ट्रायकडे दहा लाखांच्या वर ईमेल गेले आणि ट्रायने ते सगळे पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकून दिले. त्यामुळे या कामासाठी वेगळा ईमेल उघडा, आणि घरच्या पत्त्याऐवजी गाव, तालुका, जिल्हा पुरे.

नेटबंदीच्या नियमांवर लिहायचं असेल तर त्या दिवसांचे पुरावे वेगळे काढा. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीतल्या दंगलीनंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद होतं. त्या काळात अडकलेल्या ऑर्डरी, रद्द झालेली बुकिंग, न झालेले यूपीआय व्यवहार यांचा तारीखवार तक्ता बनवला तर तो पानभर निषेधापेक्षा जड असतो.

५. हरकत लिहा: कलम, काम, परिणाम, बदल

इथे वेळ घाला. एका मुद्द्याला चार भाग: कोणतं कलम, माझं काम काय, त्यावर परिणाम काय, आणि शब्द बदलून काय करावं. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. ‘हा नियम रद्द करा’ म्हटलं तर वाचणारा अधिकारी ते बाजूला ठेवतो. ‘या ओळीत हा शब्द घाला’ म्हटलं तर त्याला टिपणात घेता येतं.

नमुना म्हणून वर सांगितलेला एआय लेबलचा मसुदा घेऊ. त्यात लेबलने दृश्याचा किमान १० टक्के भाग व्यापावा, किंवा आवाज असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात ते ऐकू यावं, असं होतं. त्यावरची हरकत अशी लिहिता येते:

‘मसुद्यातला लेबलच्या आकाराचा नियम. मी सांगली जिल्ह्यातल्या हळद व बेदाणा व्यापाऱ्यांसाठी ३० सेकंदांच्या जाहिराती तयार करतो. निवेदनाचा आवाज संगणकावर तयार केलेला असतो, कारण आवाज देणारा कलाकार लहान व्यापाऱ्याला परवडत नाही. या नियमाने जाहिरातीचे पहिले ३ सेकंद सूचनेत जातील. बहुतांश प्रेक्षक कोणत्या सेकंदाला व्हिडिओ सोडतात त्याचा आलेख सोबत जोडला आहे. फसवणूक रोखण्याच्या उद्देशाला माझा पाठिंबा आहे. म्हणून टक्केवारी काढून तिच्या जागी “सहज लक्षात येईल असे ठळक लेबल” असे शब्द घालावेत, आणि रंग सुधारणे, आवाजातली खरखर काढणे यांसारखं नेहमीचं संपादन यातून वगळावं.’

एवढंच. दीडशे शब्दसुद्धा नाहीत. १० फेब्रुवारी २०२६ ला अंतिम नियम आले तेव्हा १० टक्क्यांची अट त्यात नव्हती, ठळक लेबल हवं एवढं राहिलं, आणि नेहमीच्या संपादनाला सूट आली. छोट्या लोकांच्या हरकतींनीच हे झालं असं मी म्हणणार नाही, मोठ्या कंपन्यांनीही तेच मागितलं होतं. पण मागणी शब्दांत मांडता येणारी होती, म्हणून ती मान्य करणंही सोपं होतं.

आता तयार नमुन्यांबद्दल. कोणी तरी लिंक देतं, बटण दाबलं की ईमेल जातो. २०१५ च्या डिसेंबरात फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या ठराविक संकेतस्थळंच फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूने असेच लाखो ईमेल ट्रायला पाठवायला लावले, आणि ट्रायने सांगितलं की आम्ही विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने गेलेले ईमेलही तयार नमुन्यातलेच होते, पण त्यात ट्रायच्या वीसच्या वीस प्रश्नांची उत्तरं होती. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने डेटाच्या दरांत भेदभाव करायला बंदी घातली. तेव्हा नमुना वापरा, हरकत नाही. पण प्रश्न विचारले असतील तर क्रमांकानुसार उत्तरं द्या, आणि तुमच्या धंद्याचा एक परिच्छेद तुमच्या शब्दांत घाला.

काय लिहू नये: पक्ष, नेते, जात, ‘हुकूमशाही’. हे तुमचं मत असेल, ते बोलायचा अधिकारही आहे, पण या कागदावर ते तुमचा मुद्दा खाऊन टाकतं.

आणखी एक गल्लत. ‘माझं चॅनेल बंद केलं, कंपनी ऐकत नाही’ ही कायद्यावरची हरकत नव्हे. त्यासाठी आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करायचं. दोन्ही एका कागदात कोंबलं तर दोन्ही वाया.

६. मराठीत लिहायचं का?

लिहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार केंद्राच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे आपलं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क आहे. व्यवहार मात्र वेगळा असतो: दिल्लीतल्या टेबलावर मराठी वाचणारा बसलेला असेलच असं नाही. म्हणून मराठी मूळ ठेवून खाली इंग्रजी भाषांतर जोडावं. मशीनने केलेलं भाषांतर चालेल, पण कलमांचे क्रमांक आणि आकडे डोळ्यांखालून घाला. संसदीय समित्या मात्र त्यांच्या जाहिरातीत इंग्रजी किंवा हिंदीच मागतात. तिथे हट्ट न करता तसं द्या.

७. पाठवा आणि पोच सांभाळा

सूचनेत जो पत्ता किंवा पोर्टल दिलंय तिथेच पाठवा. प्रत्येक वेळी ते बदलतं, मागच्या वेळचा ईमेल वापरू नका. विषयात मसुद्याचं पूर्ण नाव आणि तारीख. पीडीएफ एकच आणि हलकी. शेवटच्या रात्री मायगव्हचं (लोकांची मतं घेणारं केंद्र सरकारचं) पोर्टल अडकलं तर कोणाकडे दाद मागणार? दोन दिवस आधी उरका, पोर्टलवर भरलं तरी स्क्रीनशॉट घ्या. कागदावरही पाठवायचं असेल तर २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा थेट स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा.

जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, उद्याच्या पेपरात छापून आणायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. वाईट नाही, चर्चा होते. पण केंद्राच्या मसुद्यावर जिल्हाधिकारी काही ठरवू शकत नाहीत, फार तर पुढे पाठवतील, आणि तोवर मुदत सरलेली असेल. आधी ईमेल, मग निवेदन, मग फोटो. निवेदन दिलंच तर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

८. खासदाराला गाठा, पण योग्य खासदाराला

जिल्हा सातारा म्हणून खासदार साताऱ्याचा असं नसतं. फलटण आणि माण हे विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभेत आहेत. सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगले लोकसभेत. शिवाय राज्यातून राज्यसभेवर गेलेल्यांनाही लिहिता येतं.

भेटीला जाताना भाषण नेऊ नका, एक पान न्या: मसुद्याचं नाव, मतदारसंघातल्या किती लोकांवर काय परिणाम होईल (तुमच्या गटाने मोजलेला आकडा, अंदाज नव्हे), आणि सभागृहात विचारता येईल असा एक तयार प्रश्न. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावण्यात अर्थ नाही. खासदारांपेक्षा त्यांच्या स्वीय सहायकांशी बोलणं जास्त उपयोगी पडतं हे सांगायला नकोच. प्रश्न टाइप करून दिल्लीला पाठवणारा तोच असतो.

विधेयक संसदीय समितीकडे गेलं तर समिती लोकांकडून लेखी निवेदनं मागवते. मुदत पुष्कळदा पंधरा दिवसांच्या आसपास असते. इथली एक अट नवख्यांना माहीत नसते: समितीला दिलेलं निवेदन गोपनीय मानलं जातं, ते तिच्या दप्तराचा भाग होतं. समितीला पाठवल्यावर त्याचा फोटो स्टेटसला ठेवू नका.

९. जाहीर बोलायचं असेल तर

व्हिडिओ करा, जरूर करा. मसुद्याचं पान पडद्यावर दाखवा, कलम वाचा, हरकत कुठे पाठवायची ते सांगा. ‘यूट्यूब बंद होणार’ असं थंबनेल लावलं की व्ह्यूज येतील, पण उद्या तोच व्हिडिओ दाखवून कोणी म्हणेल की हे लोक अफवा पसरवतात.

मोर्चा किंवा धरणं ठरवलं तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि परवानगी घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक लोकांच्या जमावावर बंदीचे आदेश जिल्ह्यात अधूनमधून लागू असतात. सणासुदीला आणि निवडणुकीत तर हमखास. आदेश चालू आहे का हे आधी विचारा. चार जण हॉलमध्ये बसून शंभर हरकती लिहून घेत असतील तर तो कार्यक्रम मला मोर्चापेक्षा जास्त आवडतो, पण ती माझी आवड झाली.

१०. मुदत गेली, किंवा अंतिम नियम आले

मसुदा लोकांसमोर आलाच नाही, किंवा हरकतींचं काय झालं ते कळत नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्क १० रुपये, मजकूर ३००० अक्षरांत, उत्तर ३० दिवसांत. ‘का’ विचारू नका, कागद मागा: किती हरकती आल्या, त्यांवरचं टिपण, बैठकांची इतिवृत्तं. नकार येऊ शकतो. डेटा संरक्षण नियमांच्या वेळी आलेल्या सूचना उघड करणार नाही असं मंत्रालयाने आधीच जाहीर केलं होतं. नकारावर पहिलं अपील करता येतं, तेही फुकट.

अंतिम नियम आले की ते मसुद्याशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा, कारण मसुद्यात नव्हतं तेही त्यात येतं. एआयच्या नियमांत टक्केवारी गेली, पण न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर काढायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आली. त्यावर हरकत घ्यायची संधी कोणालाच मिळाली नव्हती. तुमचा व्हिडिओ चुकून त्यात अडकला तर पोस्ट कोणत्या तारखेला, किती वाजता गेली याची नोंद हाताशी हवी. मूळ फाइल आणि शूटिंगची कच्ची क्लिप डिलीट करू नका.

शेवटचा रस्ता न्यायालयाचा. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर टाकला म्हणून अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि त्याची सुरुवात पालघरच्या दोन मुलींच्या फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेने झाली होती. केंद्र सरकारबद्दलचा कोणता ऑनलाइन मजकूर खोटा ते ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. आपल्याला आता मुंबईपर्यंत जायची गरज नाही: १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे येतात. एकट्याने याचिका करू नका, गट करून, वकिलाशी खर्चाचं आधीच लेखी ठरवून करा. आणि जाताना मुदतीत पाठवलेल्या हरकतीची पोच फाइलला लावून न्या. वकील पहिल्यांदा तीच मागतो.